ॲग्नेसचा कोनाडा

आमचे भाऊजी, इझिडोर, जन्मभर एकच खोटं बोलले, आणि तेही माझ्या बहिणीच्या नावानं. एरवी माणूस इतका खरा, की समोरच्याला जीव नकोसा व्हावा. माझी भाकरी आतून कच्ची राहिली तर भरल्या टेबलावर सांगणार, "व्हर्ना, यात पीठ आहे गं." मासे लागायची लक्षणं नसली तर एवढे पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला धक्क्यावरच सांगणार, की आज खुशाल झोपा काढा. मासेमारीच्या ज्या कॅम्पवर ते वाटाडे आणि मी स्वयंपाकीण, तिथले मालक कपाळाला हात लावायचे. पण काढून टाकायची कुणाची टाप नव्हती, कारण त्या तळ्यावर भाऊजींइतका पाहुण्यांना मासा दाखवणारा दुसरा वाटाड्या नव्हता.

आणि खोटं म्हटलं तर ती सगळ्याच वाटाड्यांची रीत होती. पाहुणे विमानातून पाण्यावर उतरतात, आठवडाभर राहतात, वॉलआय आणि पाइक मासे मारतात, खोल पाण्यातले ट्राउट मारतात, आणि एखादा मोठा मासा बोटीत आला की हमखास विचारतात, "या जागेचं नाव काय हो?" खरं सांगितलं की संपलं. पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस भाड्याचं विमान आणि चार मेहुणे घेऊन परस्पर तिथं हजर. म्हणून प्रत्येक वाटाड्याकडे एक ठरलेलं खोटं नाव असायचं. जागा कुठलीही असो, नाव तेच. एकजण 'म्हाताऱ्या अस्वलाचा खडक' सांगायचा. दुसरा प्रत्येक जागेला 'सासूबाईंचा डोह' म्हणायचा, आणि त्याची सासू इथल्या मूळ रहिवाशांच्या आमच्या वस्तीत चांगली धडधाकट फिरत होती. भाऊजींचं नाव होतं 'ॲग्नेसचा कोनाडा'.

किनारा आत वळला की पाणी त्यात शिरून बसतं, त्याला आम्ही कोनाडा म्हणतो. आमच्या तळ्याला असे कोनाडे मोजायचे कुणी? या टोकाहून त्या टोकाला मोटरबोटीनं अर्धा दिवस जातो. त्यातल्या ज्या ज्या कोनाड्यात मासा लागायचा, तो तो भाऊजींच्या तोंडून ॲग्नेसचा व्हायचा.

ॲग्नेस माझी थोरली बहीण, भाऊजींची बायको. तिला हे ठाऊक होतं. "अर्धी अमेरिका माझ्या नावानं गळ टाकतेय," असं म्हणून ती हसायची. मला मात्र हसू येत नसे. आपल्या बायकोचं नाव थापेसाठी वापरायचं, हे काय वागणं झालं? ती छातीच्या दुखण्यानं गेली, तिला वस्तीतल्या दफनभूमीत ठेवलं, तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी हा माणूस दुसरं नाव शोधेल. कसलं काय. बर्फ वितळला, पाहुणे आले, आणि पहिल्याच संध्याकाळी जेवायला बसलेला एकजण म्हणाला, आज आम्ही ॲग्नेसच्या कोनाड्यात होतो. मी त्याच्या पुढ्यात ताटली आदळली. त्या बिचाऱ्याला काय कळणार?

तर त्या जुलैत विमानातून चार नेहमीचे पाहुणे उतरले आणि त्यांच्यामागे एक बाई. साठी उलटलेली, अंगावर इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर डासांची जाळी उलटी घातलेली. हातात गळांची हिरवी पेटी. ती पेटी मी लांबूनच ओळखली. तिच्या झाकणाला पोचा होता, आणि तो एका पाइकनं शेपटी आपटून पाडलाय असं तिचा मालक सगळ्यांना सांगायचा. मालक म्हणजे ऑरिन हॉगलंड, अमेरिकेतल्या आयोवाचा. वीसेक उन्हाळे न चुकता आला असेल. सरकारी रस्त्यांसाठी जमीन मोजण्याचं काम करायचा. कमी बोलायचा, माझ्या हातचे बीन्स दोनदा मागून घ्यायचा. दर वर्षी भाऊजींच्याच बोटीत बसायचा, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मी पुढे होऊन विचारलं, "ऑरिन मागच्या विमानानं येताहेत का?"

"ऑरिन यात आहे," ती म्हणाली आणि पेटी जरा वर उचलली.

मला आधी काही कळेचना. मग कळलं. ही लुएला, त्याची बायको. तो हिवाळ्यात गेला होता. तिनं गळांचे खण काढून पेटीत त्याची राख आणली होती. इतक्या वर्षांत ती एकदाही कॅम्पवर आली नव्हती. डास, दारू आणि ओले मोजे यांच्यापलीकडे तिथं काही नसतं, असं तिचं मत होतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. तिनं विचारलं, तुमच्यात इझिडोर कोण? भाऊजी विमानाचा दोर धक्क्याला बांधत होते. ते म्हणाले, मी.

"त्यानं शेवटी सांगितलं, मला ॲग्नेसच्या कोनाड्यात सोड," लुएला म्हणाली. "कुठं ते इझिडोरला माहीत आहे, म्हणाला. आहे ना माहीत?"

भाऊजींनी हातातल्या दोराकडे पाहिलं. तो केव्हाच बांधून झाला होता. तरी त्यांनी आणखी एक गाठ मारली आणि म्हणाले, "हो."

परतीचं विमान तिसऱ्या दिवशी होतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. लुएला आली, न विचारता स्टूल ओढून बसली आणि दुसरी सुरी घेऊन बटाटे सोलायला लागली. मला ती आवडली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, ही ॲग्नेस कोण?

मी सरळ सांगितलं, माझी मोठी बहीण.

"इथंच असते?"

"असायची. वारली."

तिची सुरी थांबली. मग तिनं विचारलं, ऑरिन तिला ओळखायचा का? आता हा काय प्रश्न? मी म्हटलं, ओळखायचे की, दर उन्हाळ्यात तर यायचे. ती नुसतं "अस्सं" म्हणाली आणि हातातला बटाटा सोलत राहिली. सोलून सोलून त्याची गोटी झाली तरी सोलत राहिली. मला वाटलं, नवरा गेलाय, डोकं ठिकाणावर नसेल. नवरा गेलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्यात. पण तिच्या मनात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

ती गेली आणि मागच्या दारानं भाऊजी आत आले. एवढा मोठा माणूस, पण तोंडचं पाणी पळालं होतं. पाहुण्यांना न कळणाऱ्या आमच्या वस्तीच्या भाषेत म्हणाले, "आता काय करू गं?"

मी म्हटलं, करायचं काय, खरं सांगून मोकळे व्हा. एरवी माझ्या भाकरीबद्दल बरं खरं सुचतं.

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याला मी वीस वर्षं बनवलं, असं सांगू? मरताना त्यानं जे मागितलं ते जगातच नाही, असं सांगू?"

मग ते ओट्याला टेकून बोलत राहिले. बोलत कसले, स्वतःशीच भांडत होते. गवताळ कोनाड्यात ऑरिनच्या गळाला तो मोठा पाइक लागला होता, तिथं त्यांनी त्याला ॲग्नेसचं नाव सांगितलं होतं. खडकाच्या टोकाशी वॉलआय मिळायचे, एकदा धो धो पावसात झाडाखाली बसून दोघांनी मासे तळून खाल्ले, तिथंही तेच नाव. पलीकडे तळाचा थांग लागत नाही अशा पाण्यात तो ट्राउटसाठी लांब दोर सोडून तासन्‌तास डुलक्या काढायचा, तिथंही तेच. बीव्हर प्राण्यांनी घातलेल्या बांधाजवळ. दोन बेटांच्या मधे. विचारील तिथं तेच.

"त्याच्या मनात यातली कुठली होती, कसं कळायचं? मरताना माणूस नाव घेतो ते एकाच जागेचं ना गं? की सगळ्यांचं?"

मला काय ठाऊक?  वर माझी स्वतःची एक अडचण होती, ती मी बोलून टाकली. राख कुठंही सोडा, पण ज्या पाण्यातला मासा मी पाहुण्यांना तळून घालते त्या पाण्यात नको. आमच्यात माणसाला मातीत ठेवतात. ऑरिन चांगला माणूस होता, पण म्हणून मला तो कढईत नको. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाठीवर आणखी एक पोतं चढवलंय.

सकाळी लुएलानं मला बरोबर यायला सांगितलं. "ॲग्नेसची बहीण असलेली बरी," असं म्हणाली. मला वाटलं मान देतेय. मालकांनी कुरकुर केली, पण त्यांच्या बायकोनं स्वयंपाकघर सांभाळायचं कबूल केलं, आणि आम्ही तिघं निघालो. चौघं म्हणा हवं तर. हिरवी पेटी लुएलाच्या मांडीवर होती आणि ऑरिनचा गळाचा दांडा बोटीत आडवा ठेवला होता. निघताना भाऊजींनी चिमूटभर तंबाखू पाण्यात सोडली, पाण्याला मान म्हणून रोज सोडतात तशी. त्या दिवशी मात्र ओठांत काहीतरी फार वेळ पुटपुटत होते.

आधी गवताळ कोनाड्यात गेलो. भाऊजींनी मोटर बंद केली. पाण्याखालचं गवत उभंच्या उभं दिसत होतं. ते म्हणाले, "हाच ॲग्नेसचा कोनाडा." लुएलानं आजूबाजूला पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मग तिनं पेटीची एक कडी उघडली, दुसरी उघडली, झाकणाला हात घातला, आणि भाऊजी एकदम म्हणाले, "थांबा."

ती थांबली.

"वारा उलटा आहे."

वारा अजिबात नव्हता. गवताचं पातंही हलत नव्हतं. मी भाऊजींकडे डोळे वटारून पाहिलं, तर ते आमच्या भाषेत भराभर म्हणाले, इथं त्याच्या अंगठ्यात गळ रुतला होता, मी पकडीनं काढला, तेव्हा तो म्हणाला होता की या जागी पुन्हा पाय ठेवणार नाही. आत्ता आठवलं. लुएलानं विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, वाऱ्याबद्दलच बोलतात. घ्या, आता मीही खोटं बोलायला लागले होते.

तिनं पेटी बंद केली. मोटर सुरू झाली. खोल पाण्यापाशी आलो, भाऊजींनी वेग कमी केला, पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा वेग वाढवला. दोन बेटांकडे निघालो आणि वाटेतच वळलो. धुक्यात डोळे मिटून कॅम्पवर आणून सोडणारा माणूस भर उन्हात तळ्याच्या मधोमध बोट गोल फिरवत होता. लुएला एका हातानं पेटी धरून बसली होती. मला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

दुपार झाली. भूक कुणाला थांबत नाही. खडकाच्या टोकाशी बोट लावली, पण जेवायला मासा हवा आणि भाऊजींचे हात चालेनात. तेव्हा मी ऑरिनचा दांडा लुएलाच्या हातात दिला, गळाला जळू लावून दिली आणि सांगितलं, सोडा खाली, तळाला टेकला की जरासा उचला, आणि वाट बघा. ती म्हणाली, मला यातलं काही येत नाही. मी म्हटलं, माशाला ते माहीत नाही.

तिला पहिल्याच खेपेला वॉलआय लागला. चांगला मोठा, पिवळाधमक, काचेसारख्या डोळ्यांचा. मग दुसरा लागला. तिसऱ्याच्या वेळी तिनं डोक्यावरची जाळी काढून बाजूला फेकली आणि ती हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. गाल लाल झाले होते, डास चावत होते त्याचं भान नव्हतं. मी चूल पेटवून कढईत डुकराची चरबी टाकली, बटाटे आणि कांदा कापला. भाऊजी वल्ह्यावर मासा ठेवून खाली मान घालून तो साफ करत होते. लुएलानं हात धुतले, खडकावर उभी राहिली, पाण्याकडे बघत म्हणाली, "काय छान जागा आहे. काय म्हणतात हिला?"

भाऊजींनी मान वर केली नाही. सुरी चालू होती. "ॲग्नेसचा कोनाडा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून शब्द गेला आणि सुरी थांबली.  कढईतली चरबी चुरचुरत होती.

लुएला म्हणाली, "सकाळी त्या गवताच्या जागेलाही तुम्ही हेच म्हणालात."

भाऊजी उठले. हात पँटला पुसले. "बाई, मी सगळ्याच जागांना तेच म्हणतो," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. वाटाड्यांची रीत, पुढच्या वर्षी परस्पर येणारे पाहुणे, सगळं. पहिल्यांदा एका पाहुण्यानं जागेचं नाव विचारलं तेव्हा भाऊजींच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. खरं नाव सांगायचं नव्हतं आणि तोंडात दुसरं कुठलं नावच नव्हतं. तेव्हापासून तेच राहिलं. "ऑरिनला मी कमीत कमी डझनभर जागांना ते सांगितलं असेल. त्याच्या मनात कुठली होती ते मला माहीत नाही. धक्क्यावर माहीत आहे म्हणालो, ते खोटं होतं."

मला वाटलं बाई आता पेटणार. पेटली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि तिनं अगदी हळू विचारलं, "तुमच्या बायकोचं नाव ॲग्नेस?"

"हो."

"म्हणजे जागेचं नाव तुमच्या बायकोचं. आणि ऑरिन तिला..." ती थांबली. मग माझ्याकडे वळली. "ऑरिन तिला कितपत ओळखायचा, व्हर्ना? खरं सांगा."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तो गोटीएवढा बटाटा, ते "अस्सं", मला बोटीत बरोबर घेणं. अगं बाई, ही काय समजून बसली होती! मी घाईघाईनं म्हटलं, ॲग्नेस कधी धक्क्यावर आली तर तेवढी दोघांची गाठ पडायची. एकदा तिनं कपडे धुवायच्या फळीवर ऑरिनला मासा कापताना पकडलं आणि सगळ्यांसमोर असं झाडलं, की तो पुढची दोन वर्षं तिला बघून वाट बदलायचा. त्यापलीकडे काही नाही. माझ्या बहिणीला मासे मारणारे पाहुणे आवडायचेच नाहीत. तिला या भाऊजींशिवाय कुणी दिसायचंही नाही.

लुएलानं तोंडावर हात ठेवला. हसते आहे की रडते आहे ते कळेना. मला वाटतं तिलाही कळत नव्हतं. मग ती बोलायला लागली. दर उन्हाळ्यात तो घरी परतला की जेवताना हेच: ॲग्नेसच्या कोनाड्यात हे झालं, ॲग्नेसच्या कोनाड्यात ते झालं. सांगताना चेहरा असा उजळायचा. तिनं पहिल्या पहिल्यांदा विचारलं, ॲग्नेस कोण, तर तो म्हणायचा, मला नाही माहीत, तिकडे म्हणतात तसं. कुठली बायको यावर विश्वास ठेवील? पुढे तिनं विचारणं सोडलं. वीस वर्षं ते नाव ताटावर घेऊन जेवली. आणि शेवटी आजारात, इतकी सेवा केल्यावर, त्यानं मागितलं काय, तर मला ॲग्नेसकडे नेऊन सोड.

मला राहवलं नाही. "आणि असं वाटत असूनही तुम्ही घेऊन आलात?"

"त्यानं सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

भाऊजी खडकावर मटकन बसले. आमच्या वस्तीत त्यांनी किती मयती पाहिल्या, बर्फाखाली गेलेली माणसं स्वतःच्या हातांनी काढली, ॲग्नेसच्या वेळीही ताठ उभे होते. त्या दुपारी मात्र त्यांचे खांदे पडले. आपली एक साधी थाप कुठल्या कुठं आयोवात जाऊन एका बाईच्या जेवणाच्या टेबलावर वीस वर्षं बसली होती, हे त्यांच्या मनात मावेना. माझ्याही मावत नव्हतं. इतकी वर्षं मी चिडत होते ती माझ्या बहिणीसाठी. या बाईचा विचार मी कशाला करीन?

कढई जळायला लागली तेव्हा मी भानावर आले. मासे तळले, बीन्स गरम केले, तिघांनी खाल्ले. लुएलानं बीन्स दोनदा घेतले.

खाताना ती मधेच म्हणाली, "पण ऑरिनला कळलं नसेल? माणूस जन्मभर जमीन मोजत होता. शेजाऱ्याचं कुंपण चार बोटं सरकलं तरी त्याला दिसायचं. डझनभर वेगवेगळ्या जागांचं एकच नाव, आणि त्याला कळलं नाही?"

 हा विचार इतक्या वर्षांत भाऊजींना शिवला नव्हता. कळलं असेल, तर मग तो बोलला का नाही? आणि कळलं होतं तर मरताना तसं मागितलं कशाला? थट्टा केली? की बायकोला एकदा तरी या तळ्यावर फिरवावं म्हणून? भाऊजी म्हणाले, तो बोटीत कधीकधी उगाच हसायचा, मला वाटायचं ऊन लागलंय. लुएला म्हणाली, शेवटचं ते मागतानाही तो हसला होता, मला वाटलं तिच्या आठवणीनं हसतोय.  ज्याला विचारायचं तो पेटीत होता.

भांडी घासून बोटीत ठेवली. भाऊजींनी मोटर सुरू केली आणि या खेपेला बोट गोल फिरली नाही. उत्तरेकडे निघालो. बराच वेळ गेल्यावर मला अंदाज आला की कुठं चाललोय. मी आमच्या भाषेत म्हटलं, "भाऊजी, तिथं नको."

"मग कुठं?" ते म्हणाले.



दोन खडकांमधून बोट जेमतेम जाईल एवढी वाट आहे, बाहेरून ती दिसत नाही. आत गेलं की निवांत पाणी. काठावर आमच्या आईच्या खोपटाचे ओंडके आहेत, त्यातून बर्च वाढलेत. पाण्यात जाळं बांधायचे दोन खांब अजून उभे आहेत, एक जरा कलला आहे. इथं आधी आई जाळं लावायची, मग ॲग्नेस. भाऊजींनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते इथंच. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती जाळ्यातून मासा सोडवत होती आणि माशाला शिव्या देत होती. ती गेल्यापासून इथं कुणी जाळं टाकलं नव्हतं, गळही नाही. पाहुण्याला तर भाऊजींनी कधीच आणलं नव्हतं, अगदी ऑरिनलाही नाही. या पाण्यातला मासा माझ्या कढईत कधी येणार नव्हता. तेवढी माझी अडचण त्यांनी लक्षात ठेवली होती.

त्यांनी मोटर बंद केली, वल्ह्यानं बोट खांबांच्या मधे आणली. चिमूटभर तंबाखू लुएलाच्या तळहातावर ठेवली आणि ती पाण्यात सोडायला सांगितली. तिनं सोडली. मग पेटी उघडली. तिनं घाई केली नाही. मूठ मूठ घेऊन बोटीच्या कडेनं सोडत राहिली, आणि प्रत्येक वेळी हात पाण्यात जरा वेळ ठेवत होती. आम्ही दुसरीकडे तोंड करून बसलो. लांब कुठंतरी लून पक्षी ओरडत होता.

सगळं झाल्यावर तिनं पेटी पाण्यानं विसळली. मग ते खांब पाहिले, ते ओंडके पाहिले, आणि भाऊजींना विचारलं, "या जागेचं नाव काय?"

भाऊजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणणार. हीच तर एक जागा, जिथं ते नाव खरं झालं असतं. त्यांचे ओठ हलले, मिटले. 

"याला नाव नाही, बाई," ते म्हणाले.

 मला रडू येत होतं, मी लाइफ जॅकेटच्या कॉलरमधे तोंड खुपसलं. सगळ्या तळ्याला त्यांनी माझ्या बहिणीचं नाव वाटून टाकलं होतं, म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांच्यावर धुमसत होते. आणि ही एक जागा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मला कधी कळलं कसं नाही? लुएला त्यांच्याकडे बराच वेळ बघत होती. तिला काय समजलं, किती समजलं, ते मला आजही सांगता येणार नाही. 

तिसऱ्या दिवशी विमान आलं. धक्क्यावर सामान चढवताना वैमानिकानं हिरवी पेटी उचलली आणि ती हलकी लागली तसा तो जरा गोंधळला. तो चांगला पोरगा, ऑरिनला ओळखायचा. त्यानं टोपी काढून विचारलं, "कुठं सोडलंत त्यांना?"

भाऊजी दोराची गाठ सोडत होते. त्यांचे हात जागच्या जागी थांबले. 

लुएलानं डोक्यावर डासांची जाळी घातली, या खेपेला सुलटी. "ॲग्नेसच्या कोनाड्यात," ती म्हणाली.

"ते कुठं आलं?"

"इझिडोरला माहीत आहे," असं म्हणून ती विमानात चढली.